‘ध’ कोणाचा आणि ‘मा’ कोणाचा?

मराठी माणसाला कोणावर खोटेपणाचा आरोप करावयाचा असला आणि पुरावा हाताशी नसला, की एक वाक्प्रचार हमखास त्याच्या मदतीला धावून येतो. ‘यांनी ध चा मा केला’ एवढे म्हटले की काम भागते. मूळ मजकूर कोणता होता, तो बदलला कोणी, आणि त्या बदलाने लाभ कोणाचा झाला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मग द्यावे लागत नाही. ऐकणारे माना डोलावतात आणि ज्याच्यावर आरोप झाला तो बिचारा आपण नेमके काय केले याचा विचार करीत घरी जातो.

हा शब्दप्रयोग मी गेली चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. पतपेढीच्या वार्षिक सभेत ऐकला, धर्मग्रामाच्या बैठकीत ऐकला, लग्नाच्या मांडवात एका विहीणबाईंच्या तोंडूनही ऐकला. निरोप ‘सकाळी या’ असा होता आणि पोचला ‘सावकाश या’ असा, एवढेच तिथे घडले होते. मुद्रितशोधकाच्या डुलकीमुळे ‘दिन’ चा ‘दीन’ झाला तरी ‘ध चा मा’, भाषांतरकाराला शब्द अडला तरी ‘ध चा मा’, आणि पुढाऱ्याने भर सभेत उच्चारलेले वाक्य दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे छापून आले तरीही ‘ध चा मा’! या शेवटच्या प्रकाराने माझा संयम सुटला आहे, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी तक्रार दुहेरी आहे. हा शब्दप्रयोग आपण कसाही आणि कुठेही वापरतो, त्यामुळे खऱ्या विपर्यासाला नावच उरत नाही, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे. हा वाक्प्रचार मुळात एका आरोपीची कैफियत आहे, आणि आपण अडीचशे वर्षे ती निकालपत्र म्हणून वाचीत आलो आहोत.

कथा वाचकांना ठाऊक आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण ठाऊक असलेल्या कथाच आपण कमी लक्ष देऊन ऐकतो. माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. चुलता रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले. नारायणराव जिवाच्या आकांताने चुलत्याकडे धावला, पण चुलत्याच्या आश्रयाने त्याचा जीव वाचला नाही. तो अवघा अठरा वर्षांचा होता. चौकशी रामशास्त्री प्रभुण्यांनी केली. राघोबाचे म्हणणे असे की, सुमेरसिंग गारद्याला आपला हुकूम पुतण्याला धरण्याचा होता, मारण्याचा नव्हता. म्हणजे कागदावर ‘धरावे’ असे होते. मग त्याचे ‘मारावे’ कोणी केले? बोट वळले ते राघोबाच्या बायकोकडे, गुहागरच्या ओकांच्या लेकीकडे, आनंदीबाईकडे. तेव्हापासून ती मराठी भाषेची कायमची आरोपी झाली.

आता हीच हकीकत न्यायासनावर बसून ऐका. कागदावर आधी ‘ध’ होता, हे कोण सांगतो? ज्याच्या गळ्याशी दोर आला होता तो सांगतो. मूळ हुकूम सौम्य होता, अपराध मधल्या हाताचा आहे, हा बचाव जगातील प्रत्येक आरोपी करील. बखरींतून आणि तोंडी परंपरेतून ही गोष्ट पुढे चालत आली. ग्रँट डफने १८२६ साली, म्हणजे घटनेनंतर अर्धशतक उलटल्यावर, आपल्या इतिहासात ती घेतली. आणि तिथेही आनंदीबाईचे नाव येते ते लोकांच्या समजुतीच्या आधाराने, कोणी तिच्या हातात लेखणी पाहिली म्हणून नव्हे. तो कागद आज कोणी दाखवू शकत नाही. तिने तो बदलल्याचा कबुलीजबाब नाही. आहे ती फक्त कथा, आणि कथेला रंग चढविणारी रंगभूमी. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने (१९०९) आणि पुढे ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ चित्रपटाने (१९४४) तो प्रसंग घराघरात नेला. नाटककाराला तो हक्क आहे. त्याच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते नाटक पाहून येऊन इतिहास शिकविणाऱ्यांशी.

त्या मंडळींत मीही होतो, हे इथेच कबूल करून टाकतो. सातवीच्या वर्गात फळ्यावर ठळक ‘ध’ काढायचा, मग खडूने त्याची मोडतोड करून ‘मा’ बनवायचा, आणि मुलांच्या डोळ्यांतले आश्चर्य पाहून खूश व्हायचे, असे मी अनेक वर्षे केले. पेशवाईतील कारभाराचे कागद मोडी लिपीत असत. मोडीतला ‘ध’ कसा काढतात आणि त्याचा ‘मा’ होऊ शकतो की नाही, हे तेव्हा मला सांगता आले नसते, आणि माझ्या शिक्षकखोलीतल्या कोणालाही सांगता आले नसते. बालबोध अक्षरांवरून आम्ही मोडी कागदाचा खटला चालवीत होतो आणि एका बाईला दरवर्षी नव्याने दोषी ठरवीत होतो.

बरे, ‘ध’ खरा होता असे क्षणभर मानू. मग काय? राज्य करणाऱ्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात, शस्त्रे उपसलेल्या भाडोत्री शिपायांकरवी धरण्याचा हुकूम निर्दोष ठरतो काय? भेदरलेला पोर पळणार, कोणीतरी आडवे येणार, रक्त सांडणार, हे न समजण्याइतका राघोबा भोळा नव्हता. अटकेपर्यंत मोहीम नेलेला तो सेनानी होता. रामशास्त्र्यांना हे बरोबर उमगले असावे, कारण त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते राघोबाला, अशीच परंपरा आहे. अक्षर कोणी बदलले हा प्रश्न त्या न्यायाधीशाच्या निवाड्यात दुय्यम होता. आमच्या भाषेत मात्र तोच मुख्य होऊन बसला. न्यायासनाने हुकूम देणाऱ्याला धरले आणि म्हणीने त्याला सोडून दिले!

जाता जाता एक आमच्या वसईची गोष्ट. ज्या राघोबाच्या हुकुमातला ‘ध’ इतका निष्पाप, त्यानेच गादीच्या लोभाने मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि त्यात साष्टी व वसई देऊ केली. ही तीच वसई, जी त्याच्या सख्ख्या चुलत्याने, चिमाजी अप्पाने, १७३९ साली पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली होती. त्या तहात आमच्या पूर्वजांची घरे, वाड्या आणि देवळे एका सहीनिशी देऊ केली गेली. आनंदीबाईने तिथे कोणते अक्षर बदलले, हे कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, वाक्प्रचार म्हणजे काही इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. ‘पानिपत झाले’ म्हणताना कोणी अब्दालीच्या तोफा मोजीत नाही. शब्द एकदा रूढ झाला की त्याचे मूळ कशाला उकरायचे? आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा. मूळ खोटे असलेले शेकडो शब्द भाषेत सुखाने नांदतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. परंतु ‘ध चा मा’ बिघडवतो. तो आपल्याला एक सवय लावतो. कुठेही निरोप, हुकूम किंवा विधान अंगाशी आले की बोलणाऱ्याचे शब्द शुद्ध होते असे आपण आधीच गृहीत धरतो, आणि दोषी शोधायला खाली पाहतो: कारकुनाकडे, वार्ताहराकडे, दुभाष्याकडे, घरातल्या बाईकडे.

ही सवय काय करते हे मी स्वतः अनुभवले आहे. बरीच वर्षे झाली. एका संस्थेच्या कार्यकारिणीचा मी चिटणीस होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. संस्थेच्या कार्यालयात एक विधवा भगिनी कारकून म्हणून काम करीत असे. हिशेबात काही रकमेचा मेळ बसेना. बैठकीत अध्यक्षमहाशय तापले आणि म्हणाले, त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा. मी समोर वही घेऊन बसलो होतो. जे ऐकले ते लिहिले. दुसऱ्या दिवशी शिपाई तो निरोप घेऊन तिच्या घरी गेला.

पुढे पंधरवड्यात मेळ बसला. चूक बँकेच्या पुस्तकातल्या एका नोंदीची निघाली. त्या बाईचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. गावात कुजबुज सुरू झाली. तिचा भाऊ दोन-चार जाणत्यांना घेऊन अध्यक्षांच्या दारात उभा राहिला. तेव्हा अध्यक्ष शांतपणे म्हणाले, ‘मी तर फक्त समज द्या म्हटले होते. आमच्या चिटणीसांनी ध चा मा केला.’

एवढ्या एका वाक्याने काय घडले ते पाहा. बैठकीला आणखी सात माणसे होती. सातांनीही ते मूळ शब्द ऐकले होते. परंतु ‘ध चा मा’ म्हटल्याबरोबर प्रकरणाला एक ओळखीचा आकार आला: वर सज्जन पण भोळा धनी, खाली कावेबाज लेखणी. सातांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. दोघे-तिघे तर मला नंतर एकांतात म्हणाले, ‘तुम्ही जरा सौम्य लिहायला हवे होते.’ म्हणजे अध्यक्ष बोलले ते मी लिहिले हा माझा अपराध, आणि मी ते बदलून लिहिले असते तर तो शहाणपणा! ज्या गोष्टीचा माझ्यावर आरोप होता, तीच गोष्ट मी करायला हवी होती असे हे सभ्य गृहस्थ मला सुचवीत होते. ती भगिनी कामावर परत आली, पण पुढची दोन वर्षे माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला दोष कसा देऊ? तिनेही शाळेत तोच धडा ऐकला होता. कदाचित माझ्याच वर्गात.

तेव्हा या शब्दाचा अर्थ आता नीट ठरवून घेतला पाहिजे. त्याला जोडून येणारा संस्कृत शब्द ‘विपर्यास’ पाहा. ‘अस्’ म्हणजे फेकणे. त्यामागे ‘वि’ आणि ‘परि’ लागून झालेल्या शब्दाचा अर्थ उलटापालट. बौद्ध ग्रंथांत तो फार नेमक्या अर्थाने येतो: अनित्याला नित्य समजणे, दुःखाला सुख समजणे, अनात्म्याला आत्मा समजणे, अशुभाला शुभ समजणे, हे चार विपर्यास. थोडा फरक पडला, रंग किंचित बदलला, याला विपर्यास म्हणत नाहीत. वस्तू डोक्यावर उभी राहावी लागते. ‘ध चा मा’ या शब्दप्रयोगाने त्यात आणखी दोन गोष्टींची भर घातली: करणाऱ्याचा हेतू, आणि डोळ्यांपुढे ठेवता येईल असा मूळ मजकूर. म्हणून माझे म्हणणे असे की, ज्याला ‘माझ्या बोलण्याचा ध चा मा झाला’ असे म्हणावयाचे आहे, त्याने आधी आपला ‘ध’ टेबलावर ठेवावा. तो ठेवता येत नसेल तर ‘माझी आठवण वेगळी आहे’ असे म्हणावे. मराठीत तेवढे शब्द आहेत.

या कसोटीने पाहिले तर ज्याला आपण सर्रास ‘ध चा मा’ म्हणतो त्यातले बरेच गळून पडते. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात सीनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेच्या मुखाला तेजाऐवजी शिंगे आली, कारण हिब्रू मूळ शब्दाचे ‘शिंग’ या शब्दाशी नाते आहे. आणि म्हणून मायकेलअँजेलोचा रोममधील मोशे आजही दोन शिंगे घेऊन बसला आहे. ही भाषांतराची अडचण, विपर्यास नव्हे. उलट, मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानची स्तुती करून मग त्याचा कणा मोडण्याचा बेत सांगितला, असा एक उतारा व्यासपीठांवरून वाचला जातो आणि आता घरोघरच्या मोबाइलवर फिरतो. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता. त्या तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण प्रसिद्ध आहे, त्यातली मते पुरेशी उद्धट आहेत, पण हा उतारा त्यात नाही. इथे ‘ध’ च नाही; सगळा ‘मा’ घरी बनवलेला. याला बनावट म्हणावे.

आणि खरा विपर्यास? तो बहुधा अक्षर बदलीतच नाही. तो गाळतो. मराठीत ‘गाळणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. आपण पाणी गाळतो तेव्हा कचरा जातो आणि पाणी राहते. मजकूर गाळतो तेव्हा काय राहील हे गाळणाऱ्याच्या मनावर. इंग्रजीतल्या ‘गार्बल’ शब्दाचीही हीच कथा आहे. तो अरबीतून आला, आणि मुळात त्याचा अर्थ चाळणे. जुन्या लंडन शहरात मसाल्याचा माल चाळून त्यातली माती-काडी काढणारा अधिकृत ‘गार्बलर’ असे. आपल्या किनाऱ्यावरून गेलेली मिरीही त्याच्या चाळणीखालून गेली असेल. पुढे सोयीचे तेवढे निवडणे आणि शेवटी मजकुराची वाट लावणे, असा त्या शब्दाचा प्रवास झाला.

गाळण्याचा उत्तम नमुना बिस्मार्कने घालून दिला. १३ जुलै १८७० रोजी प्रशियाचा राजा विल्हेल्म एम्स या गावी विश्रांतीसाठी असताना फ्रेंच राजदूताने त्याची वाटेत गाठ घेतली आणि स्पेनच्या गादीबद्दल कायमचे आश्वासन मागितले. राजाने सभ्यपणे नकार दिला आणि हकीकत तारेने बर्लिनला कळविली. बिस्मार्कने ती तार हातात घेतली, मधला सगळा सभ्यपणा कापला आणि उरलेले वर्तमानपत्रांना दिले. आपण एक शब्दही पदरचा घातला नाही, याचा पुढे त्याने आपल्या आठवणींत अभिमान मिरविला. आखूड झालेल्या त्या तारेत राजाने राजदूताला दारातून हाकलले असा भास होत होता. १९ जुलै रोजी फ्रान्सने युद्ध पुकारले. सहा दिवस पुरले. मूळ तार मात्र जपून राहिली आणि म्हणूनच आज बिस्मार्कचा हात आपण बोटाने दाखवू शकतो. राघोबाची चिठ्ठी जपून राहिली असती तर!

बायबल वाचणाऱ्या वाचकांना तर याहून जुने दाखले ठाऊक असायला हवेत. सैतान प्रभू येशूला स्तोत्र ऐकवतो, तेव्हा तो एकही खोटा शब्द बोलत नाही. एक्क्याण्णवाव्या स्तोत्रात देवदूतांनी रक्षण करावयाचे ते माणसाच्या सर्व मार्गांत. सैतान मार्गांचा तेवढा उल्लेख वगळतो, आणि आश्वासनाची उडी मारण्याची परवानगी होते. प्रभूच्या चौकशीत साक्षीदार उभे राहिले त्यांनी वेगळीच युक्ती केली. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे मंदिर मोडण्याचे क्रियापद प्रभूने श्रोत्यांना उद्देशून, द्वितीय पुरुषात वापरले होते आणि स्वतःकडे घेतले होते ते फक्त उभारण्याचे काम. साक्षीदारांनी मोडणेही त्याच्याच तोंडी, प्रथम पुरुषात घातले. व्याकरणातला एक पुरुष बदलला आणि माणूस क्रुसावर गेला. क्रुसाखालून जाणारे लोक तेच वाक्य त्याला ऐकवीत होते, म्हणजे ते किती लवकर बाजारात पोचले होते पाहा.

परंतु इतरांचे दाखले देणे सोपे असते. आपल्याच व्यासपीठांवरून कार्ल मार्क्सचे काय होते? धर्माला त्याने अफू म्हटले, एवढे सांगून प्रवचनकार पुढे सरकतात. १८४४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात अफूच्या आधीची वाक्येही आहेत, आणि तिथे धर्माला त्याने पीडितांचा उसासा मानले आहे, निर्दय जगातले हृदय मानले आहे. त्या काळी अफू हे वेदना शमविणारे औषधही होते. मार्क्सचे एकूण मत आपल्याला अमान्य आहे, ते अमान्यच राहू द्या. पण ज्याला खोडून काढायचे त्याचे वाक्य पुरे वाचून दाखवायला आपले काय जाते? मी हे एकदा एका फादरांना नम्रपणे विचारले. ते हसले आणि म्हणाले, ‘लोकांना एवढे लांब ऐकायला वेळ नसतो.’ बिस्मार्कलाही तशीच घाई होती.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी एक लहानशी दुरुस्ती आहे. तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो आवडता शिष्य मरणार नाही अशी वदंता बंधुवर्गात पसरली होती. लेखक तिथे थांबतो आणि सांगतो की प्रभू तसे म्हणाला नव्हता. त्याच्या बोलण्यात ‘जर’ होता. मग ते मूळ वाक्य तो पुन्हा, संपूर्ण लिहितो. वदंता कोणी उठविली, कोणाचा त्यात हेतू होता, याबद्दल चकार शब्द नाही. वाक्य काय होते ते पाहा, एवढेच.

हा ‘जर’ मला फार टोचतो, आणि त्याचे कारण खासगी आहे. ज्या चिटणीसावर अन्याय झाला म्हणून मी वर एवढे लिहिले, त्याच चिटणीसाच्या हातून पुढे एक स्मरणिका संपादित झाली. गावातील एका वृद्ध बागायतदाराची मुलाखत तिच्यात होती. त्या काळात आमच्याकडे वाड्यांचे भाव चढू लागले होते आणि दलाल दारोदार फिरत होते. म्हातारबाबा म्हणाले होते की, जर केळी आणि पानवेल पुढे परवडेनाशी झाली तर मीही वाडी विकीन, पण तोवर कोणी फाटकातून आत पाऊल टाकू नये. पानात जागा कमी होती. मी वाक्य आखूड केले. ‘मीही वाडी विकीन’ हे तीन शब्द छापले गेले, आणि तेही चौकटीत, ठळक अक्षरांत, कारण ते उठून दिसत होते. पुढचे कित्येक महिने बाबांच्या फाटकाशी स्कूटरी लागत राहिल्या. शेजारच्या वाडीवाल्याने, तुम्हीच फुटलात तर आम्ही काय करणार, असे म्हणून त्यांच्याशी बोलणे टाकले.

ते माझ्याकडे आले ते कातरण हातात घेऊन. मी पटकन म्हणालो, ‘छापखान्याने ध चा मा केला, बाबा.’ किती सहज आले ते तोंडात! छापखान्याने माझी प्रत जशीच्या तशी जुळविली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिले, कातरणाची घडी घातली आणि विचारले, ‘मास्तर, तुमचा कागद आहे का?’ कागद होता. त्यावर माझ्याच हाताने, लाल शाईने, ‘जर’ खोडलेला होता. मी तो त्यांना दाखविला. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आली. शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली.

तेव्हापासून बैठकांचे इतिवृत्त मी लोक उठण्यापूर्वीच वाचून दाखवू लागलो. चहा थंड होतो म्हणून सगळे कुरकुरत. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत अध्यक्ष एका ओळीवर थांबले आणि म्हणाले, ‘हे गाळा.’ मी ती ओळ गाळली आणि खाली लिहिले: अध्यक्षांच्या सूचनेवरून एक वाक्य गाळले. त्यांनी सही करायला अंमळ वेळ घेतला, पण केली.

या लेखातील माझी मते पुष्कळांना रुचणार नाहीत, विशेषतः राघोबादादांविषयीची. त्यांनी संपादकांकडे अवश्य लिहावे. विनंती एकच: माझे जे वाक्य खोडून काढायचे असेल ते संपूर्ण उतरून घ्यावे, आणि ज्यांच्याजवळ ती चिठ्ठी असेल त्यांनी तिची प्रत सोबत जोडावी.